सर्वकालीन सात: वाद घालायचाच तर असा घाला

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत दोन गर्द्या असतात. एक देवळात तांदळाच्या पिंडी पाहायला आणि दुसरी आखाड्याभोवती. कुस्त्या सुटल्या की माणसं चहाला टेकतात आणि तिथे तिसरा आखाडा सुरू होतो. कुस्तीचा विषय लवकर संपतो, कारण चितपट झालेल्याला फार बोलता येत नाही. पण कुणी कबड्डी काढली की चहा गार होतो.

"आपल्या संघात आजवर सगळ्यात भारी कोण?" एवढाच प्रश्न असतो. साठीतले कुणी तात्या आपल्या तरुणपणातल्या चढाईपटूचं नाव घेतात. पंचविशीतला पोरगा मोबाइलवर प्रो कबड्डीतली चढाई लावून तात्यांच्या नाकासमोर धरतो. "तुम्ही मॅटवर खेळून दाखवा." "तुम्ही मातीत पडून दाखवा." मग आवाज चढतो, कुणीतरी गल्लीचं नाव काढतो आणि विषय खेळाडूवरून भावकीवर जातो.

हा वाद बंद करावा असं मला अजिबात वाटत नाही. गावाला आपल्या खेळाडूंची आठवण राहते ती अशा भांडणांमुळेच. मात्र त्यातून काही हाती लागावं असं वाटत असेल, तर काही पथ्यं पाळावी लागतात. गावच्या संघाची यादी करा नाहीतर महाराष्ट्राच्या, रीत एकच आहे. इथे उदाहरणं महाराष्ट्राची घेतो, म्हणजे कुणाच्या भावकीला धक्का नको.

आधी संघ ठरवा

निम्मी भांडणं इथेच मिटतात. "आपला संघ" म्हणजे नेमका कोणता? राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारा महाराष्ट्राचा, की प्रो कबड्डीतला यू मुंबा, की पुणेरी पलटण? अनुप कुमारने २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून दिलं, पण तो हरयाणाचा. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्या मोसमात पकडीचे सर्वाधिक गुण मिळवणारा मोहम्मदरेझा शादलुई इराणचा होता आणि पुढच्या मोसमात तो त्याच हरयाणाकडून खेळला. पलटणच्या यादीत त्याला घ्यायलाच हवं. महाराष्ट्राच्या यादीत त्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोची नोकरीची. रेल्वे आणि सेनादल यांचे राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र संघ असतात. मराठी पोरगा रेल्वेत लागला की तो महाराष्ट्राविरुद्ध उभा राहू शकतो. त्याची ती वर्षं महाराष्ट्राच्या खात्यात धरायची का? माझं मत, धरू नयेत. मातीचा अभिमान वेगळा आणि संघाचा हिशेब वेगळा. तुमचं मत उलट असेल तर तसं ठरवा, पण नावं काढायच्या आधी ठरवा. नाव डोळ्यासमोर ठेवून केलेला नियम टिकत नाही.

गावच्या संघालाही हेच लागू. मुंबईत कामाला असलेला आणि फक्त यात्रेतल्या सामन्यांना येणारा खेळाडू धरायचा का, पाहुणा म्हणून आणलेला धरायचा का, सासरी गेलेल्या मुलीचा माहेरचा खेळ धरायचा का, हे पहिल्याच पानावर लिहून टाका.

मग "भारी" म्हणजे काय ते ठरवा

एक खेळाडू दोन वर्षं असा खेळतो की समोरच्या संघाला झोप लागत नाही, आणि मग गुडघा जातो. दुसरा बारा वर्षं रोज पाच-सहा गुण देतो आणि कधी बातमीत येत नाही. तिसरा एरवी साधाच, पण अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला तोच जातो. तिघंही भारीच, पण तीन वेगळ्या अर्थांनी. वाद घालणारे दोघं बहुतेक वेळा एकाच माणसाबद्दल भांडत नसतात, ते "भारी" या शब्दाबद्दल भांडत असतात.

मी चार निकष धरतो: भरातल्या काळातली उंची, किती वर्षं टिकला, मोठ्या सामन्यातला खेळ आणि आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढे होता. प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. आमच्याकडे काही जण पाचवा निकष लावतात, तो म्हणजे निवृत्तीनंतर त्याने किती पोरं घडवली. तो मोठेपणाचा निकष आहे, खेळाचा नव्हे. लावायचाच तर त्याचा रकाना वेगळा ठेवा.

काळाचे नियम विसरू नका

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. बैलगाडा शर्यतीच्या घाटात प्रत्येक धाव, म्हणजे बारी, सेकंदांवर मोजतात. पण एका घाटातली सेकंदं दुसऱ्या घाटाला लावून "आमचा गाडा भारी" असं म्हटलं, तर लोक हसतील. घाटाची लांबी वेगळी आणि चढही वेगळा. त्या दिवशी त्या घाटात कोण पहिलं आलं, एवढंच खरं. बैलांच्या बाबतीत आपण पाळतो तो न्याय माणसांच्या बाबतीत का विसरतो?

कबड्डीचा घाट तर वारंवार बदलला. हुतुतूच्या जमान्यात संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद गडी परत येई. गामिनीत बाद झालेला बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद होऊनही गडी मैदानातच राही, फक्त गुण जाई. आता सांगा, गामिनीत पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेला अव्वल चढाईपटू उरलेला वेळ बाहेर बसून काढणार. त्याचे गुण अमर खेळणाऱ्याशी कसे मोजायचे?

पुढे बोनस रेषा आली. दम असेल तोवर चालणारी चढाई तीस सेकंदांत बांधली गेली. माती गेली आणि मॅट आली. प्रो कबड्डीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद, असा दट्ट्या लावला. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळू लागला. याचा अर्थ आज गुणफलक पूर्वीपेक्षा जास्त धावतो. आजच्या चढाईपटूच्या खात्यात गुण जास्त दिसले, तर त्यातला काही वाटा नियमाचा असतो. पण त्याचा दमही नियमाने बांधलेला आहे. "वेळ काढून सामना राखणं" ही जुन्यांची कला त्याला वापरता येत नाही. माप दोन्हीकडून घ्या.

न झालेल्या स्पर्धेचं पदक मागू नका

जुन्यांवर सगळ्यात मोठा अन्याय इथे होतो. "त्याच्याकडे आशियाई सुवर्ण कुठे आहे?" असं पोरं सहज विचारतात. कबड्डी आशियाई खेळांत पदकासाठी आली ती १९९० मध्ये, बीजिंगला. महिलांची कबड्डी तर २०१० मध्ये, ग्वांगझूला. महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना कबड्डीचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९७२ सालचा. त्यांनी आशियाई पदक आणायचं कुठून?

क्रिकेटमधलं आपलं उदाहरण प्रा. दि. ब. देवधरांचं. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली तेव्हा देवधर चाळिशीत होते. ते एकही कसोटी खेळले नाहीत. आणि महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक मिळवून दिला तो त्यांच्याच नेतृत्वाने, वय अठ्ठेचाळीसच्या पुढे असताना. महाराष्ट्राच्या संघाला त्यानंतर रणजी करंडक अजून मिळालेला नाही. नुसत्या कसोट्या मोजणाऱ्याच्या यादीतून देवधर पहिल्याच चाळणीत गळतील. चाळणीच चुकीची असली की असं होतं.

म्हणून प्रत्येक खेळाडूसमोर लिहा: त्याच्या काळात सगळ्यात मोठी स्पर्धा कोणती होती आणि तिथे त्याने काय केलं?

आकडा घ्या, पण त्याची जन्मकुंडली विचारून

आकडा कोणाविरुद्धचा आणि कुठल्या परिस्थितीतला, हे कळल्याशिवाय तो अर्धवट असतो. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, तेवढ्यात समोरच्या काठियावाड संघाने सामना सोडून दिला. हा आकडा वाचून एक जण म्हणेल, प्रतिस्पर्धी कच्चा होता. दुसरा म्हणेल, खेळू दिलं असतं तर जगाचा विक्रम झाला असता. दोघांचंही खरं आहे आणि दोन्ही गोष्टी आकड्याच्या शेजारी लिहायला हव्यात.

विक्रमाचं आयुष्यही पाहा. रिशांक देवाडिगाने २०१७ च्या प्रो कबड्डीत यूपी योद्धाकडून एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले. तेव्हा तो उच्चांक होता. काही दिवसांतच प्रदीप नरवालने ३४ घेतले आणि २०१९ मध्ये पवन सेहरावतने ३९. म्हणून रिशांकची ती रात्र खोटी ठरत नाही. उलट पुढच्याच जानेवारीत हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. महाराष्ट्राची यादी करणाऱ्याने २८ गुणांपेक्षा हे विजेतेपद वर धरावं. ते २८ गुण उत्तर प्रदेशच्या नावावर लढणाऱ्या संघासाठी होते, हे विजेतेपद आपल्या संघासाठी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे मोजलंच गेलं नाही, ते नव्हतंच असं समजू नका. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हाच घोळ आहे. बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलने तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं मिळवली. समोरच्याचा बास्केटकडे निघालेला चेंडू अडवणं हे त्याचं खरं हत्यार. पण असे अडवलेले चेंडू त्या लीगने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमात. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या सगळ्यात मोठ्या गुणासमोर कागदावर कोरी जागा आहे. आपल्याकडच्या जुन्या कोपरारक्षकांची हीच गत. कुठल्या पोराला घोट्याला धरून जागेवर बसवलं, हे बघणाऱ्यांना आठवतं. गुणतक्त्यात मात्र फक्त संघाचे गुण.

चढाईपटूला चढाईपटूशी, कोपऱ्याला कोपऱ्याशी

चढाईत एका वेळी दोन, तीन, चार गुण मिळू शकतात. पकडीला मिळतो एक, फार तर दोन. चंदगड भागातल्या सिद्धार्थ देसाईने प्रो कबड्डीच्या सहाव्या मोसमात यू मुंबाकडून चढाईचे २१८ गुण घेतले. शादलुईने दहाव्या मोसमात पकडीचे ९९ घेतले. म्हणून देसाई शादलुईच्या दुप्पट भारी, असं कुणी म्हणणार नाही. पण पारावर बसलो की आपण नकळत तेच करतो. चढाईची आठवण राहते, पकडीची राहत नाही. सगळ्या यादीत सहा चढाईपटू आणि एक बिचारा कोपरा, असं होतं.

म्हणून "पहिला, दुसरा, तिसरा" अशी उतरंड लावण्याऐवजी संघ लावा. सर्वकालीन सात: तीन चढाईपटू, दोन कोपरे, दोन मध्यरक्षक. वर पाच राखीव. प्रत्येक जागेसाठी फक्त त्या जागेवरचे उमेदवार. संघ लावायचा म्हटलं की माणूस आपोआप जबाबदारीने बोलतो, कारण नुसत्या चढाईपटूंचा संघ पाच मिनिटांत लोण खातो हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

उतरंड हवीच असेल तर पायऱ्या करा. पहिल्या पायरीवर ज्यांच्याविषयी कुणाचंच दुमत नाही ते. दुसरीवर आपापल्या काळातले अव्वल. तिसरीवर जे एखाद्या मोसमापुरते आभाळाला टेकले ते. एका पायरीवर किती जण बसावेत याला मर्यादा नाही. तिसरा की चौथा यावरून मैत्री तुटण्यापेक्षा हे बरं.

एक जोडी तोलून पाहू

शकुंतला खटावकर आणि अभिलाषा म्हात्रे. खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. म्हात्रेंना २०१५ मध्ये. म्हात्रेंच्या नावावर २०१२ च्या पाटण्यातल्या पहिल्या महिला विश्वचषकाचं विजेतेपद आहे, २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांचं सुवर्ण आहे. खटावकरांच्या काळात यातली एकही स्पर्धा महिलांसाठी नव्हती. पदकं मोजणारा इथेच निकाल देऊन मोकळा होईल.

आता चारपैकी तीन निकष लावा. भरातली उंची: दोघींनाही देशाचा एकच पुरस्कार, म्हणजे आपापल्या काळात दोघी वरच. मोठ्या सामन्यातला खेळ: म्हात्रेंचा जगाने पाहिला. खटावकरांचा राष्ट्रीय मैदानांवर झाला, तोच तेव्हाचा सर्वात मोठा मंच. समकालीनांपेक्षा आघाडी: मुली चड्डी घालून मैदानात उतरतात म्हणून नाकं मुरडली जात त्या काळात उभं राहणं, याला मी जादा गुण देणार नाही, कारण तो धाडसाचा निकष आहे. पण मुळात त्या काळात पुरस्कारच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या महिला कबड्डीपटूंना मिळाले, हे मी नक्की मोजेन. निकाल: दोघी पहिल्या पायरीवर. यात वर-खाली करणाऱ्याने त्याचा निकष आधी सांगावा.

पुरुषांमध्ये शांताराम जाधव, बीजिंगच्या सुवर्णसंघातले अशोक शिंदे, राजू भावसार, पंकज शिरसाट अशी अर्जुनप्राप्त नावं काढून हाच खेळ तुम्ही एका संध्याकाळी खेळू शकता. आणि जे अजून मैदानात आहेत, उदाहरणार्थ पलटणला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार, त्यांची नावं पेन्सिलीने लिहा. चालू खेळाडूला घाईने गाभाऱ्यात बसवू नये आणि घाईने उंबऱ्याबाहेरही काढू नये.

बैठकीची रीत

पहिली गोष्ट, बोलायच्या आधी प्रत्येकाने आपले सात चिठ्ठीवर लिहायचे. मोठ्या आवाजाचा माणूस पहिला बोलला की बाकीचे त्याच्या यादीकडे झुकतात. चिठ्ठीने ते टळतं.

दुसरी, नाव सुचवणाऱ्याने एक सामना सांगायचा. वर्ष, गाव, समोर कोण आणि काय घडलं. "लय भारी होता" याला शून्य गुण.

तिसरी, पाहिलं की ऐकलं हे स्पष्ट करायचं. स्वतः पाहिलेल्याला पूर्ण वजन, ऐकीव गोष्टीला अर्धं. आणि दोन वेगळ्या वाड्यांतल्या माणसांनी, त्यातही समोरच्या संघातल्याने तीच गोष्ट सांगितली, तर ती पक्की धरायची. ज्याची तंगडी धरली गेली त्याच्याएवढा खरा साक्षीदार दुसरा नाही.

चौथी, मोबाइलवरची चित्रफीत दाखवायला हरकत नाही, पण एकाच चढाईची नाही. अख्खा सामना. निवडक चढाया जोडल्या तर मीसुद्धा खेळाडू दिसेन.

पाचवी, ज्येष्ठांना आधी बोलू द्या आणि मध्ये तोडू नका. मग पोरांना बोलू द्या आणि तेव्हा ज्येष्ठांनीही गप्प बसायचं. दुसरा भाग जास्त अवघड जातो, हे मी अनुभवाने सांगतो. मी आता ज्येष्ठांतच मोडतो.

शेवटी यादी करा, तारीख टाका, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा बसा आणि बदल करा.

वही

या सगळ्यातून यादीपेक्षा मोलाचं काहीतरी मागे राहतं, ते म्हणजे बैठकीत सांगितलेले सामने. प्रो कबड्डीची प्रत्येक चढाई २०१४ पासून नोंदलेली आहे. आपल्या तालुक्यातल्या मैदानांवर त्याआधी चाळीस-पन्नास वर्षं जे घडलं, ते फक्त काही माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. दरवर्षी त्यातला एखादा कमी होतो आणि त्याच्याबरोबर एक अख्खा संघ जातो.

तेव्हा दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर संघाचं नाव आणि ठरवलेले नियम लिहा. मग एका खेळाडूला एक पान: नाव, खेळायची जागा, कोणत्या साली ते कोणत्या सालापर्यंत, कोणत्या नियमांनी, कुणाकुणाविरुद्ध, आणि सांगणाऱ्याचं नाव. घरात पेटीच्या तळाशी असलेला संघाचा फोटो निघाला तर त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मागे कोण कोण उभं आहे ते लगेच लिहून ठेवा. नावं सांगणारा पुढच्या वेळी असेलच असं नाही. वहीची एक प्रत शाळेत किंवा गावच्या वाचनालयात द्या.

सुरुवात सगळ्यात वयस्क माणसापासून करा. पहिला क्रमांक कुणाचा, हे पुढच्या श्रावणात ठरवलं तरी चालेल. त्यांच्याकडे मात्र या आठवड्यातच जा.